सार्वभौमत्वाचं भाडं

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं एनसीआर, ५५ हजार चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे. भूमध्य समुद्रातला सायप्रस आहे ९,२५१ चौरस किलोमीटरचा. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, मेरठ, पानिपत, अलवर हा सगळा पसारा धरला तर त्यात जवळपास सहा सायप्रस मावतात. महाराष्ट्रातलं माप हवं असेल तर सायप्रस सांगली जिल्ह्याहून थोडा मोठा आणि साताऱ्याहून थोडा लहान. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या सरकारच्या ताब्यातल्या भागात सव्वानऊ लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली. एकट्या गुरुग्राम जिल्ह्यात २०११ सालीच पंधरा लाख होती.

आता दुसरी बाजू. दिल्लीत निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याला एखाद्या ठाणेदाराची बदली करता येत नाही. राज्यघटनेच्या २३९ एए या अनुच्छेदानं पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन हे तिन्ही विषय दिल्ली विधानसभेच्या हाताबाहेर ठेवले आहेत, आणि २०२३ च्या कायद्यानं अधिकाऱ्यांच्या बदल्यांवरचा अखेरचा शब्दही नायब राज्यपालांकडे गेला. जवळपास पावणेदोन कोटी लोकांचं (हाही २०११ चाच आकडा) सरकार असं, आणि सव्वानऊ लाखांच्या सायप्रसला स्वतःचं लष्कर आहे, परराष्ट्र खातं आहे, संयुक्त राष्ट्रांत भारताइतकंच एक मत आहे आणि युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणात नकाराधिकार आहे. तो वापरायला सायप्रस लाजतही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये बेलारूसवर निर्बंध घालायला बाकीचा युरोप तयार होता. सायप्रसनं ते अडवून धरले, कारण त्याला त्याच बैठकीत तुर्कस्तानविरुद्धही काहीतरी पदरात पाडून घ्यायचं होतं.

सार्वभौमत्व डोकी मोजून वाटलेलं नसतं, आणि म्हणूनच ज्याच्याकडे दुसरं फारसं काही नाही त्याच्याकडे ते असलं की त्याला बाजारभाव येतो. सायप्रसकडे बघायची माझ्या मते हीच खरी खिडकी आहे. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या कुटुंबांना लाजपतनगर-राजेंद्रनगरात छोटे प्लॉट मिळाले. पुढच्या पिढ्यांनी त्यावर मजले चढवले, एका मजल्यावर स्वतः राहिले आणि बाकीचे भाड्यानं दिले. धंदा नाही, शेती नाही, पण जागा मोक्याची. छोट्या बेटदेशांचं बरंचसं असंच चालतं. ते आपलं ठिकाण, आपला झेंडा, आपला कायदा आणि आपलं मत भाड्यानं देतात. त्यावर नाक मुरडणारे बहुधा स्वतःच भाडेकरू असतात, आणि त्यात आपणही आहोत.

सायप्रसच्या बाबतीत भाड्याचा हा व्यवहार बेटवासीयांच्या हाती फार उशिरा आला. आधी दुसऱ्यांनीच त्यांचं बेट परस्पर भाड्यानं दिलं होतं. १८७८ मध्ये रशियाच्या धास्तीनं तुर्की सुलतानानं सायप्रसचा कारभार ब्रिटनला दिला. नाममात्र मालकी स्वतःकडे ठेवली. बदल्यात ब्रिटननं दरसाल ९२,७९९ पौंडांची खंडणी कबूल केली. ही रक्कम ब्रिटिश तिजोरीतून निघाली नाही, सायप्रसच्या शेतकऱ्यांकडून वसूल झाली. आणि ती सुलतानालाही मिळाली नाही. क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्ताननं १८५५ मध्ये काढलेल्या कर्जाच्या रोखेधारकांकडे परस्पर वळवली गेली. घर एकाचं, राहणार दुसरा, आणि भाडं भरायचं घरातल्या गड्यानं. हा प्रकार १९२७ पर्यंत चालला.

या प्रकरणात मुंबईचाही एक धागा आहे. १८७८ मध्येच ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीनं रशियाला दम देण्यासाठी सुमारे सात हजार देशी शिपाई मुंबई बंदरातून माल्टाला नेले. त्यात मुंबई फौजेच्या पलटणी आणि बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या होत्या. पार्लमेंटला न विचारता हिंदी फौज युरोपात आणली कशी, यावर लंडनमध्ये गदारोळ झाला. सायप्रसचा करार झाल्यावर त्यातल्या काही तुकड्या पुढे सायप्रसमध्ये उतरल्या आणि तापानं बेजार झाल्या. ज्या बेटाचं नाव कधी ऐकलं नव्हतं ते ताब्यात घ्यायला आमचीच माणसं गेली होती, हे मराठी इतिहासलेखनात फारसं कुणी नोंदवलेलं दिसत नाही.

माल्टाचं नाव निघालंच आहे तर जाता जाता दिल्लीकडची एक ओळख. ब्रिटनसाठी माल्टा हा कधी आरमारी तळ, कधी जखमींचं इस्पितळ आणि कधी तुरुंग. देवबंदचे मौलाना महमूद हसन रेशमी रुमाल कटाच्या प्रकरणात हेजाझमध्ये पकडले गेले आणि १९१७ ते १९२० माल्टात बंदिवासात होते. सुटून आल्यावर ऑक्टोबर १९२० मध्ये त्यांनी अलीगढला जामिया मिलियाची पायाभरणी केली. महिनाभरात, ३० नोव्हेंबरला, दिल्लीत डॉ. अन्सारींच्या घरी त्यांचं निधन झालं. जामिया नंतर दिल्लीला आली आणि आज ओखल्यात आहे. उत्तर भारतातल्या जुन्या उर्दू घरांत माल्टा म्हटलं की समुद्रकिनारा आठवत नाही, कैद आठवते.

सायप्रस १६ ऑगस्ट १९६० रोजी स्वतंत्र झाला. आधी ठरलेला मुहूर्त फेब्रुवारीचा होता. तो पुढे गेला तो ब्रिटिश तळांवरून. किती चौरस मैल राखून ठेवायचे यावर महिनोन्‌महिने घासाघीस झाली आणि आकडा ९९ वर थांबला. पुढे अध्यक्ष झालेले आर्चबिशप मकारिओस सायप्रसच्या बाजूनं बोलणी करत होते, आणि वाटाघाटींत ते कुणा वाण्याला ऐकले नसते. आक्रोतिरी आणि ढेकेलिया हे दोन तुकडे आजही ब्रिटनच्या मालकीचे आहेत. सायप्रसच्या जमिनीवर, पण सायप्रसच्या कायद्याबाहेर. इराक, सीरिया, येमेनवर जाणारी ब्रिटिश विमानं आक्रोतिरीहून उडतात, आणि त्याची परवानगी निकोसियाकडे कुणी मागत नाही.

मिळालेली राज्यघटनाही अशीच गाठी मारून दिलेली होती. अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्की, दोघांना नकाराधिकार; सरकारी नोकऱ्या सत्तर-तीस, लष्कर साठ-चाळीस. वर ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन असे तीन हमीदार देश, त्यातल्या प्रत्येकाला हस्तक्षेपाची वाट मोकळी. तीन वर्षांत सगळं फाटलं. डिसेंबर १९६३ मध्ये दंगली झाल्या, आणि एका ब्रिटिश जनरलनं नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रेघ ओढून निकोसिया दोन भागांत वाटलं. रेघ तात्पुरती होती. आज ती १८० किलोमीटर लांब आहे.

दिल्लीचा संबंध इथे खऱ्या अर्थानं सुरू होतो, आणि तो अभिमानाचा आहे. पन्नाशीच्या दशकात संयुक्त राष्ट्रांत सायप्रसचा प्रश्न आला तेव्हा ग्रीसला बेट ग्रीसमध्ये हवं होतं, तुर्कस्तानला त्याची फाळणी हवी होती, ब्रिटनला जायचंच नव्हतं. कृष्ण मेनन यांनी सांगितलं की सायप्रस सायप्रसवासीयांचा. आज ही भूमिका सरळ वाटते. त्या वेळी ती ग्रीसलाही रुचली नव्हती. नेहरूंच्या काळातल्या दिल्लीनं फाळणी नुकतीच भोगली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाची फाळणी होताना तिला काय होतं आहे ते कळत होतं. पुढे १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना सायप्रसला गेली तेव्हा तिचे पहिले सेनापती होते जनरल ग्यानी, आणि त्यांच्यानंतर आले जनरल थिमय्या. भारताचे माजी लष्करप्रमुख थिमय्या १८ डिसेंबर १९६५ रोजी सायप्रसमध्येच हृदयविकारानं गेले. सायप्रसनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं, लार्नाकात रस्त्याला त्यांचं नाव दिलं. दिल्लीत गोल्फ लिंक्सपाशी आर्चबिशप मकारिओस मार्ग आहे. टिटो, नासर, एन्क्रुमा यांच्या नावांचे रस्तेही याच शहरात आहेत. टिटोचा देश नकाशावरून गेला. मकारिओसचा अर्धा का होईना, पण उरला.

अर्धा कसा, तेही सांगायला हवं. १५ जुलै १९७४ रोजी अथेन्सच्या लष्करशाहीनं, बेट ग्रीसमध्ये विलीन करण्यासाठी, मकारिओसांविरुद्ध उठाव घडवला. पाच दिवसांनी तुर्की फौज उतरली. ऑगस्टमध्ये तिनं दुसरी मुसंडी मारली आणि बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग घेतला. शांतिसेनेचे सेनापती तेव्हाही भारतीयच होते, मेजर जनरल प्रेमचंद. दोन्ही फौजा निकोसियाच्या विमानतळावर चालून येत असताना त्यांनी तो संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात घेतला आणि सोडला नाही. विमानतळ वाचला, पण त्या दिवसापासून तिथून प्रवासी विमान उडालेलं नाही. इमारतीत कबुतरांची विष्ठा साचली आहे, आणि धावपट्टीजवळ सायप्रस एअरवेजचं एक ट्रायडंट विमान इंजिनं काढलेल्या अवस्थेत पन्नास वर्षं गंजत उभं आहे. दोन्ही बाजूंचे मिळून दोन हजारांवर बेपत्ता लोक, त्यांची हाडं अजून शोधली जातात. उत्तरेत १९८३ मध्ये जाहीर झालेलं प्रजासत्ताक तुर्कस्तानशिवाय कुणी मानत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट एवढीच सांगितली जाते: तुर्कस्ताननं आक्रमण केलं, आपण पीडिताच्या बाजूनं उभे राहिलो. आक्रमण झालं हे खरंच. पण ज्यांच्या नावानं आपण रस्ता केला त्या मकारिओसांनी नोव्हेंबर १९६३ मध्ये घटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या होत्या आणि त्यांनी तुर्की अल्पसंख्याकांची बरीचशी संरक्षणं गेली असती, हे आपण सांगत नाही. पुढची दहा-अकरा वर्षं अनेक तुर्की सायप्रसवासी नाकेबंदीतल्या वस्त्यांत जगले. एप्रिल २००४ मध्ये कोफी अन्नान यांच्या एकीकरण योजनेवर सार्वमत झालं तेव्हा तुर्की बाजूच्या सुमारे ६५ टक्क्यांनी होकार दिला आणि ग्रीक बाजूच्या ७६ टक्क्यांनी नकार. आठवड्याभरात नकार देणारे युरोपीय संघात दाखल झाले, होकार देणारे बाहेर राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तरेच्या मतदारांनी पुन्हा संघराज्याच्या बाजूचे तुफान एर्हुरमान यांना मोठ्या बहुमतानं निवडून दिलं. दिल्लीच्या वाहिन्यांवर त्याची चर्चा मी ऐकली नाही.

भाड्याकडे परत येऊ. १९७४ नंतर सायप्रसनं झपाट्यानं संसार उभा केला. फामागुस्ता हे मोठं बंदर उत्तरेत गेलं, म्हणून लिमासोल वाढवलं. शेतजमीन गेली, म्हणून कायदा पिकवला. न्हावा-शेवाला लागणाऱ्या जहाजांच्या मागच्या बाजूला नावाखाली नोंदणीचं बंदर रंगवलेलं असतं; तिथे लिमासोल किंवा माल्टाचं व्हॅलेटा असं वाचायला मिळणं नवलाचं नाही. ते जहाज त्या बंदरात कधी गेलेलंही नसेल. मालक जर्मन किंवा ग्रीक, कारभार पाहणारी कंपनी लिमासोलची, वर खलाशी आपल्या कोकणातले. रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक घरांतला महिन्याचा पगार अशा झेंड्याखालून येतो. या व्यवहारात लाजण्यासारखं काही नाही. नियम पाळले तर तो चोख धंदा आहे.

कराचं प्रकरण मात्र तितकं सोज्वळ नाही, आणि तिथे भाडेकरू म्हणून आपलं नाव ठळक आहे. १९९४ च्या दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार सायप्रसच्या कंपनीनं भारतातले शेअर विकून केलेल्या नफ्यावर कर घ्यायचा तो सायप्रसनं, आणि सायप्रस तो घेत नसे. व्याजावर भारतात कापला जाणारा करही दहाच टक्के. २००५ मध्ये बांधकाम क्षेत्रात परकी गुंतवणुकीची वाट मोकळी झाल्यावर हा मार्ग फार सोयीचा ठरला. एप्रिल २००० पासूनच्या एकत्रित आकडेवारीत सायप्रस भारतात गुंतवणूक करणाऱ्या पहिल्या दहा देशांत बसतो. सगळ्या देशाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन हजार कोटी युरोंच्या आत-बाहेर. तो एवढा पैसा आणणार कुठून? पैसा त्याचा नव्हताच. कुणाचा अमेरिकेचा, कुणाचा आखातातला, आणि काही आपल्याच लोकांचा, फेरी मारून घरी आलेला. सायप्रसनं फक्त पत्ता दिला.

पत्ता देण्याची किंमत त्यानं मार्च २०१३ मध्ये मोजली. तिथल्या बँकांचा पसारा देशाच्या उत्पन्नाच्या सात-आठ पट फुगला होता, कारण बाहेरच्यांच्या ठेवी. त्या पैशातून घेतलेले ग्रीसचे सरकारी रोखे बुडाले. बँका बारा दिवस बंद राहिल्या. दहा अब्ज युरोंचं साहाय्य मिळालं ते या अटीवर की एक मोठी बँक बंद करायची आणि दुसरीतल्या एक लाख युरोंवरच्या ठेवींपैकी साडेसत्तेचाळीस टक्के रक्कम सरळ भागभांडवलात वळवायची. रशियन धनाढ्यांबरोबर निवृत्त शिक्षक आणि दुकानदारही त्यात भरडले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भारतानं, माहिती देत नाही म्हणून, सायप्रसवर आयकर कायद्याच्या ९४ए कलमाखाली शिक्का मारला. असा शिक्का बसलेला तो पहिलाच देश. २०१६ मध्ये नवा करार झाला, एप्रिल २०१७ पासून नफ्यावरचा कर भारताकडे आला आणि शिक्का पुसला गेला. मॉरिशसचंही तेव्हाच तसंच झालं. आपल्या सरकारनं हे चांगलं केलं. फक्त वीस वर्षं तो मार्ग वापरणारे गुंतवणूकदार, त्यांचे सल्लागार आणि ते सगळं चालू देणारं अर्थखातं या सगळ्यांनी ‘कर चुकवणारं बेट’ म्हणून बोट दाखवावं, हे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं अशा थाटाचं झालं.

बँका बसल्यावर उरलं काय? पासपोर्ट. साधारण वीस लाख युरो गुंतवले की सायप्रसचं, म्हणजे युरोपचं, नागरिकत्व. लिमासोलच्या किनाऱ्यावर काचेचे मनोरे उभे राहिले आणि स्थानिक तरुणांना भाडं परवडेना. २०२० मध्ये अल जझीराच्या छुप्या चित्रीकरणात संसदेचे सभापतीच एका कल्पित गुन्हेगाराला पासपोर्टसाठी मदत करायला तयार दिसले, तेव्हा त्यांना जावं लागलं आणि योजना गुंडाळली गेली. चौकशी समितीला दिसलं की दिलेल्या ६,७७९ पासपोर्टांपैकी निम्म्याहून अधिक बेकायदा होते. माल्टानं तोच धंदा पुढे रेटला. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयानं तोही बंद पाडला. झेंडा भाड्यानं देता येतो, कायदाही देता येतो. नागरिकत्व द्यायला निघालं की घरातलीच माणसं पाहुणी होतात. ही सीमा सायप्रसनं ओलांडली, आणि त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.

आता जून २०२५ कडे येऊ. पंतप्रधान मोदी सायप्रसला गेले, मकारिओसांच्या नावाचा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला, हिरव्या रेघेवर उभे राहून त्यांनी उत्तरेकडे पाहिलं. महिनाभर आधी ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूनं होता. संदेश कुणाला होता हे सांगायला परराष्ट्र तज्ज्ञ नको. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये प्रगती मैदानावरच्या भारत मंडपममध्ये जाहीर झालेला भारत-आखात-युरोप मार्ग आहेच. तो कधी प्रत्यक्षात आला तर हैफाहून निघालेल्या मालाला पहिलं युरोपीय बेट सायप्रसच लागतं. हितसंबंध पाहणं गैर नाही. पण भारतीय पंतप्रधानांच्या भेटी मोजा: इंदिरा गांधी १९८३, वाजपेयी २००२, मोदी २०२५. राष्ट्रपती म्हणून प्रतिभाताई पाटील २००९ मध्ये आणि कोविंद २०१८ मध्ये जाऊन आले, म्हणून निदान दरवाजा किलकिला राहिला. एरवी हा ‘जिवलग मित्र’ आपल्याला वीस-वीस वर्षं आठवत नाही.

आणखी एक अडचण आपण स्वतःशीही बोलत नाही. सायप्रसबद्दलच्या संयुक्त निवेदनात भारत लिहितो की प्रश्न सुरक्षा परिषदेच्या ठरावांनुसार, संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत सुटावा. काश्मीरबद्दल आपण म्हणतो की तिसऱ्यानं यात पडायचं कारण नाही. दोन्ही भूमिकांना आपापली कारणं आहेत, आणि सिमला कराराचा युक्तिवाद पोकळ नाही. पण अंकारा-इस्लामाबाद आपल्याला हा प्रश्न विचारणारच. नुसत्या तुर्कस्तानविरोधावर उभ्या राहिलेल्या मैत्रीला त्याचं उत्तर देता येत नाही. मेनन यांच्याकडे ते होतं: बेट बेटवासीयांचं, आणि त्यात तुर्की बोलणारेही आले.

हे उत्तर पुन्हा देता यायचं तर तुर्की जाणणारी माणसं लागतात. मे २०२५ मध्ये, सायप्रस भेटीच्या महिनाभर आधी, जवाहरलाल नेहरू विद्यापीठानं तुर्कस्तानच्या इनोनू विद्यापीठाशी केलेला करार राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन स्थगित केला, आणि जामियानंही तुर्की संस्थांशी असलेले संबंध थांबवले. त्या दिवसांतला संताप समजण्यासारखा होता. पण सायप्रसच्या उत्तरेत लोक काय बोलतात, कुणाला मत देतात, अंकाराच्या हाताखाली राहून कुठवर कंटाळले आहेत, हे दिल्लीला इंग्रजी वृत्तसंस्थांकडूनच कळणार असेल तर आपण सायप्रसचे मित्र नाही, तुर्कस्तानवर चिडलेले गिऱ्हाईक आहोत. दोन्ही विद्यापीठांनी ते दरवाजे पुन्हा उघडावेत, आणि परराष्ट्र खात्यानं त्यांना तसं सांगावं.